बाजेखालचं बियाणं

माझी धाकटी मुलगी आयुष्याचे पहिले पाच महिने गव्हाच्या पोत्यांवर झोपली. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. ऐकणारा हसतो. आम्हाला त्या दिवसांत हसू येत नव्हतं.

सासर आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या पुढे. घरात सासू, सासरे, मी आणि माझी थोरली मुलगी. नवरा आर्वीला शाळेत मास्तर होता आणि शनिवारी शनिवारी घरी यायचा. बाकीच्या वावरात कपाशी आणि तूर, पण नाल्याकाठच्या काळ्या तुकड्यात वर्षानुवर्षं बन्सी गहू पेरायचे. त्याला पाणी द्यावं लागत नसे. पावसाळ्यात जमीन जी ओल धरायची तिच्यावरच तो यायचा. लांबट, कडक, मधासारख्या रंगाचा दाणा. शेवयांना त्याच्यासारखा दुसरा गहू नाही. आर्वीचा व्यापारी दाणा दाताखाली धरायचा, कट् आवाज आला की मान हलवायचा आणि साध्या गव्हापेक्षा चढा भाव द्यायचा.

त्या गव्हाचं बियाणं आमच्या घरात कधी विकत आणलं गेलं नव्हतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, कापणीच्या आधी वावराच्या मधोमध उभ्या राहून चांगल्या ओंब्या वेगळ्या करायला लावायच्या. ते बियाणं वेगळं वाळवायचं, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरायचं आणि कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. कणगी माजघराच्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात. तिला दिवाळीशिवाय हात लावायचा नाही. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही तेच बियाणं होतं. ते गेलं तर परत आणायला जागा नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. मला नववा महिना लागला होता. एका शनिवारी नवरा वर्तमानपत्र घेऊन आला आणि ओसरीवर बसून त्यानं सासऱ्यांना वाचून दाखवलं. गव्हाचा ठोक व्यापार आता फक्त सरकार करणार. व्यापाऱ्यानं गहू घ्यायचा नाही, शेतकऱ्यानं त्याला द्यायचा नाही. भाव सरकार ठरवणार.

"म्हंजे शेठ गेला अन् सरकार आलं," सासरे म्हणाले.

"हो."

"अन् बन्सीचा भाव काय?"

"गव्हाचा भाव एकच आहे बाबा."

"लाल, किडका, भिजेल, साऱ्याचा?"

"भिजलेला घेणार नाहीत. बाकी एकच."

सासऱ्यांनी तंबाखू मळली आणि बराच वेळ ती तोंडात टाकलीच नाही. मग म्हणाले, "मंग बन्सी पेरायचा कायले?"

विकायचा गहू आम्ही निमूटपणे सरकारी केंद्रावर घातला. घरी राहिला तो खायचा आणि बियाण्याचा. भीती होती ती त्याचीच. घरात किती ठेवता येतो, हे गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. कोतवालानं दवंडी दिली ती प्रत्येकानं वेगळी ऐकली. कोणी म्हणे माणसागणिक मोजून ठेवू देतात. कोणी म्हणे बियाणंही घेऊन जातात, पुढं पेरायला सरकारच देणार. पलीकडच्या तालुक्यात एकाच्या घरी जीप आली, कणगी फोडली आणि म्हाताऱ्याला घेऊन गेले, असं पाण्याच्या घाटावर बाया सांगायच्या. त्या म्हाताऱ्याचं गाव मात्र दर वेळी बदलायचं. मला ते तेव्हाच लक्षात आलं होतं, पण भीती त्यानं कमी झाली नाही. माझ्या नवऱ्याची तर जास्तच वाढली. "घरात साठा सापडला तर माझी नोकरी जाईल," हे तो दर शनिवारी म्हणायचा आणि रविवारी सायकलवर टांग टाकताना पुन्हा म्हणायचा.

युक्ती माझी होती. ती दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

मी म्हटलं, "आत्याबाई, बियानं बाळंतिणीच्या खोलीत ठेवू. बाजेखाली. तिथं परका मानूस पाय नाई टाकत."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डोकं हाय व तुले." सात वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी हुरळून गेले होते, हे कबूल करते.

कणगी फोडली, बियाणं पोत्यांत भरलं, पोती खोलीत नेऊन एकाला एक लावून मांडली आणि वर बाज ठेवली. गोधडी चारही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडली. रिकामी कणगी मोडून चुलीत घातली. आठवड्यात मी बाळंत झाले. मुलगी झाली.

बाळंतिणीच्या खोलीत विस्तव विझू द्यायचा नसतो. एरवी तो बाजेखाली ठेवतात. बाजेखाली पोती होती, म्हणून शेगडी अगदी पोत्यांना लागून, उशाशी ठेवली. दिवसभर निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशोपांची धुरी. खिडकीला पोत्याचा पडदा. त्याच खोलीच्या कोपऱ्यात न्हाणी, तिथं सकाळी मला आणि बाळाला कढत पाण्यानं न्हाऊ घालायचे. वर वैशाखातलं आर्वीकडचं ऊन. भिंतींना घाम सुटायचा. सव्वा महिना मी त्या खोलीत होते आणि सव्वा महिना माझे कान रस्त्याकडे होते. बाळ रडलं की बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ दुसरं काही ऐकू येत नसे.

एके दिवशी दुपारी जीप आलीच.

सासरे वावरात गेलेले. थोरली शेजारी खेळायला गेलेली. आत्याबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. जीप दारासमोर थांबल्याचं मला ऐकू आलं, मग तीन माणसांची पावलं. मी बाजेवर उठून बसले आणि पुन्हा झोपले. आपण जड झालो तर पोती दिसणार नाहीत असं काहीतरी डोक्यात आलं असावं.

"आजी, घरात बाळंतीण आहे ना?" एक माणूस म्हणाला.

"कायले पाहिजे?"

"आत जायचं आहे जरा."

"आत कोनाले जाता येत नाई. इटाळ हाय."

"त्याच खोलीत जायचं आहे आजी. त्यासाठीच तर आलो."

आत्याबाईंनी खोलीचं दार धरलं. त्यांच्या बांगड्या दाराच्या लाकडावर वाजत होत्या. गावातल्या कुणीतरी सांगितलं, आता पोती काढतील, नवऱ्याची नोकरी गेली, सासऱ्यांना नेणार, हे सगळं माझ्या मनात एका दमात येऊन गेलं. बाळ जागं झालं आणि रडायला लागलं.

"हे पाहा, बाळ आहे की," तो माणूस म्हणाला. "देवीची लस टोचायची आहे, दुसरं काही नाही."

"असं सांगूनच घुसतात," आत्याबाई म्हणाल्या.

"घुसतात? कोण घुसतं आजी?"

पुढं आणखी एक शब्द त्या बोलल्या असत्या तर सगळं बाहेर आलं असतं. मी बाळाला उचललं आणि दारात आले. सव्वा महिना झाला नव्हता, उंबरठा ओलांडायचा नव्हता. मी ओलांडला. "घ्या, इथं टोचा," म्हटलं. त्यांनी टोचलं. बाळानं आकांत केला. त्यातला तरुण माणूस माझ्या खांद्यावरून आत पाहत होता आणि रुमालानं मान पुसत होता.

"या उन्हात शेगडी? बाई, आतलं सगळं भाजून निघेल."

ते गेले. आत्याबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सुटलो." मलाही तसंच वाटलं. त्या तरुणाचं वाक्य मला पाच महिन्यांनी आठवलं.

सव्वा महिना संपला, शेगडी गेली, पोती मात्र तिथंच राहिली. काढायची कुठं? पावसाळा लागला. आमच्याकडे गहू नाही असं दिसावं म्हणून मी रेशनच्या रांगेत उभी राहायचे. लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, कधी लालसर बारीक गहू. बन्सीवर झोपायचं आणि रेशनच्या गव्हाची पोळी खायची, असा आमचा कारभार. ती पोळी चिवट व्हायची. सासरे ती न बोलता खात.

श्रावणात आर्वीचा व्यापारी आला. त्याच्या दुकानात आता हरबरा, जवस आणि तूर एवढंच होतं. तो ओसरीवर बसला, मी खोलीत बाळाला पाजत होते.

"गहू असंन थोडा, तर द्या पाटील. बाजारात पाहाले मिळून नाई राह्यला. लोक दुपटीनं घ्याले तयार हायेत, लपूनछपून."

"गहू नाई," सासरे म्हणाले.

"बन्सी नाई? तुमच्या घरी? मी काय पोलीस हाय काय?"

"नाई म्हनलं ना. सारा केंद्रावर घातला."

व्यापारी हसला. "सरकारले दाताखाली धरता येते काय बन्सी? तुमी औंदा काय पेरता?"

"हरबरा. हरबऱ्याले कोनी विचारून नाई राह्यलं. गहू पेरला का तो सरकारचा, हरबरा पेरला का तो आपला."

"सारं गाव हेच म्हनून राह्यलं," व्यापारी म्हणाला. "मंग दोन वर्षांनी पोळी कायची खासान?"

तो गेल्यावर सासरे आत्याबाईंना म्हणाले, "त्याले कळलं तर गावाले कळलं." हा माणूस पंचवीस वर्षं आमचा माल घेत होता, आणि आम्हाला त्याची भीती वाटली.

तरी बियाणं राखायचं होतं. सासऱ्यांचा बेत असा होता की तुकड्यात हरबरा घालायचा आणि कडेच्या चार ओळी बन्सीच्या ठेवायच्या, बियाणं जिवंत राहण्यापुरत्या.

मग नवरात्र आलं. घटासाठी आत्याबाईंनी बाजेखालच्या पोत्यातून मूठभर गहू काढला. देवीपुढं काळी माती पसरली, मधे मातीचं मडकं, भोवती गहू पेरला. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी मोड वर दिसतात. तिसऱ्या दिवशी काही नव्हतं. चौथ्या दिवशीही नव्हतं. आत्याबाई दर तासाला येऊन माती पाहायच्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाल्या, "घट असा कोरा कदी राह्यला नाई. घरावर काही..." त्यांची नजर पाळण्याकडे गेली.

मी असल्या गोष्टी मानत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले होते, थोरलीला लस टोचायला स्वतः घेऊन गेले होते. पण सव्वा महिना व्हायच्या आधी उंबरठा ओलांडला होता तो मीच, आणि आत्याबाईंनाही ते आठवत होतं. आता मुलीला नुसती शिंक आली तरी या बाईच्या मनात काय येईल, आणि गावात काय बोललं जाईल, याची मला भीती वाटली. माझ्या मनात काय येईल याचीही.

पाचव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी घटाची माती बोटानं उकरली. बन्सीचे दाणे फुगून मऊ झाले होते. दाबले की पांढरं दूध निघायचं आणि आंबूस वास यायचा. ते मी वेचून काढले. रेशनचा गहू आदल्या दिवशीच भिजत घातला होता, त्याला कोंब फुटले होते. तो मातीत घातला आणि वर पाणी शिंपडलं.

दसऱ्यापर्यंत घट दाट उगवला. आत्याबाईंचा चेहरा उजळला. सासऱ्यांनी कोंबांचा तुरा टोपीत खोवला, पुन्हा काढून हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "असं बी मी पाह्यलं नाई. एवढं जोरदार. हरबरा राहू द्या. औंदा पुरं वावर बन्सी."

"पन सरकार?" आत्याबाई म्हणाल्या.

"सरकार येईन न जाईन. बी चांगलं हाय तर पेरतो मी. साऱ्या गावात एकट्याचा बन्सी राहीन, तवा पाहू कोन भाव देत नाई ते."

मी तिथंच उभी होते. बोलायला हवं होतं, बोलले नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जेवले, पण काय जेवले ते सांगता येणार नाही. पोत्यातले वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून पाण्याच्या मडक्याजवळ ठेवले. चार दिवसांनी उघडले. एकाला कोंब होता. दुसऱ्या पोत्यातले वीस बांधले. एकालाही नव्हता. शेगडीनं आणि न्हाणीच्या वाफेनं सगळं शिजवून टाकलं होतं. पेरलं असतं तर वावर रिकामं राहिलं असतं, ओल निघून गेली असती, आणि मग हरबऱ्यालाही उशीर झाला असता. वर्षाचं ते पीक गेलं असतं. हे मला कळत होतं. आणि सांगितलं तर घट कोरा होता हेही सांगावं लागणार होतं. पाळण्यातली पोर त्या वेळी दात येत असल्यानं रोज किरकिरत होती.

दिवाळी झाली. पेरणीच्या सकाळी अंगणात बंडी जुंपली होती, तिफण वर चढवली होती. सासऱ्यांनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं. आत्याबाई तिफणीची पूजा करायला ताट घेऊन दारात आल्या. तेव्हा मी फडकं सासऱ्यांच्या पुढं, बंडीच्या साट्यावर उलगडलं.

"हे काय व?"

"आपलं बियानं हाय मामाजी. हे उगवत नाई."

त्यांनी पोतं खाली ठेवलं. फडक्यातला नाही, पोत्यातला कोरडा दाणा घेतला आणि दाताखाली धरला. कट् आवाज मलाही ऐकू आला.

"दाताले तर चांगला हाय."

"खायले चांगला हाय. पेरायले मेला. शेगडीनं."

"अन् घटात उगवला तो?"

"तो रेशनचा होता. मी टाकला."

बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. आत्याबाईंनी ताट उंबऱ्यावर ठेवलं, आत गेल्या आणि पाळण्यातून मुलीला काढून छातीशी धरून बसल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सासरे फडक्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे देवीच्या घटातही सरकारचाच गहू." त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. "हरबऱ्याचं बी हाय काय घरात?"

"हाय."

"आन मंग. उभी काऊन राह्यली?"

हरबरा पेरला. बराच आला. बाजेखालचा गहू आम्ही दळून खाल्ला. पोळ्या चांगल्या झाल्या, शेवयाही झाल्या. गहू मेलेला आहे हे पोळीत कळत नाही.

वर्ष पुरं होता होता सरकारनं ती योजना मागं घेतली. व्यापारी पुन्हा गहू घेऊ लागले आणि भाव असा चढला की ज्यांनी धीर धरून पेरला होता त्यांचं चांगलं झालं. ते फार थोडे होते. गावातल्या बहुतेकांनी आमच्यासारखाच हरबरा नाहीतर जवस घातला होता. पुढं नवऱ्याला शाळेतल्या कुणीतरी नियमांचा कागद दाखवला. घरखर्चाचा आणि बियाण्याचा गहू ठेवायला मुभा होती. आमच्या कणगीला कुणी हात लावणारच नव्हतं. नवऱ्यानं हे घरी सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, "आता सांगून राह्यला?" बन्सीचं बी सासऱ्यांनी दोन वर्षं हुडकलं. मिळालं ते भेसळ. मग विहिरीवर मोटर बसली आणि त्या तुकड्यात नवा ठेंगणा गहू आला, पाणी आणि युरिया खाणारा. पीक भरपूर. शेवया तुटतात.

माझी ती मुलगी नऊ वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला. आर्वीच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. आत्याबाई तोवर खूप थकल्या होत्या. नऊ वर्षांत त्या घटाबद्दल त्यांनी कधी शब्द काढला नव्हता, पण मुलीचं अंग गरम लागलं की त्या आधी माझ्याकडे पाहायच्या, मग तिच्याकडे. आजाराच्या बाराव्या दिवशी त्यांनी एका परातीत काळी माती घेतली, मूठभर गहू पेरला आणि परात तिच्या उशाशी ठेवली. मला विचारलं नाही. मीही काढा म्हटलं नाही. रोज सकाळी मी थर्मामीटर झटकायच्या आधी परातीकडे पाहायचे.

चौथ्या दिवशी माती फुटली आणि हिरवे कोंब दिसले. त्या दिवशी ताप शंभराच्या खाली होता.

आत्याबाईंनी माझा हात धरला. "खरं सांगजो. तू तर नाई ना टाकले?"

"नाई आत्याबाई."

त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. मी खरं बोलले होते. पण स्वयंपाकघरात फळीवर, डब्यांच्या मागं, एका वाटीत मूठभर गहू भिजत घातलेला होता. दोन दिवसांपासून. ती वाटी मी दुपारी गाईपुढं रिकामी केली.